राज्य कुणी घालवलं?

काळी मारबत म्हणजे भोसल्यांची राणी बाकाबाई, हे मला नागपुरात ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांतल्या कुणालाही त्याबद्दल तीळभर शंका नव्हती. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी मी गर्दीत उभा होतो. शेजारचे गृहस्थ तर असे चिडून बोलत होते की बाकाबाईशी त्यांचा वाड्याच्या हिश्श्यावरून दावा चालू असावा. "इंग्रजाले मिळाली ना जी ते. राज्य देऊन टाकलं. मंग लोकांनी ठरवलं, हिले दरवर्षी जाळाचं."

"कधीपासून?"

"१८८१ पासून. खंड नाही पडला." मग माझ्याकडे नीट बघून, "पुण्याचे काय जी तुम्ही?"

नागपुरात हे दोन वाक्यांत ओळखतात. मी मान डोलावली. त्यांनी 'असो' अशा अर्थाचा हात केला आणि मला पुढे उभं राहायला जागा करून दिली.

मारबतीची मिरवणूक पाहायचं किती दिवस मनात होतं. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद नि कापड, वर काळा रंग, वटारलेले डोळे, घरांच्या पहिल्या मजल्याला भिडेल अशी उंची. ती हलली की गल्लीभर आरोळी उठते: इडापिडा, रोगराई, सगळं घेऊन जा गे मारबत! जगनाथ बुधवारीतून पिवळी मारबत येते. ती १८८५ पासूनची, असं तिथले लोक सांगतात. दोघींची भेट होते तेव्हा अंगावर माणसं कोसळतात अक्षरशः. मागून बडगे, तेही पुतळेच. बडग्यांवर त्या वर्षी जे जे म्हणून लोकांना खुपलं असेल ते लिहिलेलं असतं: महागाई, खड्डे, पाकिस्तान, पुढारी. इतकी मोकळी टवाळी महाराष्ट्रात दुसरीकडे रस्त्यावर पाहिल्याचं आठवत नाही. जिला राज्यबुडवी म्हणून जाळायचं त्याच काळ्या मारबतीच्या पायाशी बायका तान्ही मुलंही टेकवतात. कोणी म्हणतं ही पूतना आहे, बाकाबाई नंतर चिकटली. शेवटी जळतात मात्र दोघीही.

मला बोचत होतं ते वेगळंच. नागपूरचं राज्य डलहौसीने खालसा केलं १८५४ मध्ये. बाकाबाई गेली १८५८ मध्ये. पुतळा उभा राहिला १८८१ मध्ये. म्हणजे राज्य बुडाल्यावर सत्तावीस वर्षांनी, ज्यांनी ते बुडताना पाहिलं ती पिढी म्हातारी झाल्यावर, कारण नक्की झालं. आणि ते झालं ते एका विधवेच्या रूपात.

असाच हिशेब मी पूर्वी एकदा केला होता, अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडला. भाची तिथे राहते. तिने मला मॉन्युमेंट अॅव्हेन्यू दाखवायला नेलं तेव्हा जनरल रॉबर्ट ली घोड्यावर बसून अजून जागच्या जागी होता. यादवी युद्धात दक्षिणेची राज्यं १८६५ मध्ये हरली. लीचा पुतळा बसला १८९० मध्ये. पंचवीस वर्षांनी. फुटपाथवर भेटलेला एक सभ्य म्हातारा आम्हाला समजावत होता की ते युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच, राज्यांच्या हक्कांसाठी होतं. भाची, शाळेत तिथलाच इतिहास शिकलेली, हळूच म्हणाली, "मामा, मिसिसिपीने फुटून निघताना जो जाहीरनामा काढला त्यात सुरुवातीलाच गुलामगिरी आहे." खरं होतं तिचं. दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यानेही मार्च १८६१ मध्ये सवानाच्या भाषणात सांगून टाकलं होतं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या सरकारची कोनशिला. हरल्यावर त्याच स्टीफन्सने जाडजूड ग्रंथ लिहून सगळा वाद राज्यघटनेचा होता असं मांडलं. कोनशिला बदलली. पुतळे त्या बदललेल्या कोनशिलेवर उभे राहिले. २०२१ च्या सप्टेंबरात लीचा पुतळा क्रेनने खाली घेतला, तेव्हा भाचीने मला व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं होतं, "तुमचा घोडेवाला उतरला."

तेव्हा मला वाटलं होतं, हे सगळं त्यांचं. आपल्याकडे असं काही नाही.

इतवारीतून महालात मी चालतच आलो. वाटेत चितार ओळीत गणपतींची गर्दी होती. चार दिवसांवर चतुर्थी. ओल्या मातीचा वास, सोंडांवर शेवटचा हात फिरवणारे कारागीर. बडकस चौकात एका गाडीवर तर्री-पोहे घेतले. तर्री इतकी जहाल की पुणेकराने तक्रार करू नये म्हणून गप्प खाल्ली. लहान मुलं लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा मागत फिरत होती. हा तान्हा पोळा दुसऱ्या रघुजी राजांनी १८०६ मध्ये सुरू केला असं सांगतात, आणि त्याची आठवण म्हणून भोसल्यांच्या मोठ्या राजवाड्यातला तो भलामोठा लाकडी बैल दाखवतात. या दुसऱ्या रघुजींचीच बाकाबाई ही राणी.

महाल म्हटलं की बाहेरच्या माणसाला संघाचं मुख्यालय आठवतं. नागपूरच्या माणसाला मात्र गांधी गेट आधी आठवतं. त्याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. जवळच शिवाजी महाराजांचा पुतळा. त्या दिवशी तिथे सगळं रोजचंच चाललं होतं. ऑटोवाले ओरडत होते, फुलांचे हार होते, एक माणूस छत्र्या दुरुस्त करत बसला होता. पाच महिन्यांपूर्वी, १७ मार्च २०२५ ला, इथूनच दंगल पेटली. औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवा म्हणून विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाने निदर्शनं केली, कबरीची हिरव्या कापडाची प्रतिकृती जाळली. त्या कापडावर पवित्र आयती होत्या अशी बातमी पसरली. पोलीस म्हणाले, अफवा. संध्याकाळी महालात दगडफेक, मग जाळपोळ, पुढे हंसापुरीपर्यंत. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. एक माणूस मेला. छत्रीवाल्याला मी विचारलं, तो एवढंच म्हणाला, "माही गाडी वाचली साहेब. बाजूवाल्याची नाही वाचली."

औरंगजेब मेला १७०७ मध्ये. त्याची कबर इथून साडेचारशे किलोमीटरवर. आणि ज्या शहरात तिच्यावरून दगड उचलले गेले ते शहर वसवलं देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाने, १७०२ च्या सुमारास, बारा वाड्या जोडून. हा राजा दिल्लीला जाऊन मुसलमान झाला होता आणि 'बख्त बुलंद' हे नाव त्याला औरंगजेबाच्या दरबारात मिळालं. त्याच्या वंशजांचा गोंड राजांचा किल्ला याच महालात आहे. पहिले रघुजी भोसले आले ते गोंड घराण्यातल्या भांडणात मध्यस्थ म्हणून. मध्यस्थाचं घर झालं, गोंड राजा नावाचा राजा उरला. महालातला सगळ्यात जुना राजवाडा भोसल्यांचा नाही, ही गोष्ट मला एकाही माणसाने आपणहून सांगितली नाही.

गांधी गेटखाली मी बराच वेळ थांबलो, त्याला आणखी एक कारण होतं. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने इंग्रजांवर हल्ला केला. इंग्रजांकडे जेमतेम तेराशे-चौदाशे माणसं, इकडे त्यांच्या कितीतरी पट. तरी हरले. १६ डिसेंबरला पुन्हा लढाई, पुन्हा हार. आप्पासाहेब तर त्याआधीच रेसिडेंट जेंकिन्सच्या छावणीत जाऊन बसले होते. राजा शत्रूच्या हवाली, सेना पांगलेली. तरी शहर पडलं नाही. राजवाडा आणि आजूबाजूचा कोट धरून काही हजार माणसं लढत राहिली. त्यांत मुख्य होते अरब, भोसल्यांच्या पगारावरचे. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर चाल केली. अरबांनी ती परतवली. इंग्रजांना तोफांनी जे जमलं नाही ते बोलण्यांनी जमवावं लागलं. ३० डिसेंबरला अरब अटी ठरवून बाहेर पडले.

म्हणजे नागपूरच्या भोसल्यांच्या वाड्यासाठी जुम्मा दरवाज्यात जी शेवटची माणसं उभी होती ती मुसलमान होती. त्यांचा ना पुतळा, ना मारबत, ना बडगा. पैशासाठी लढले, असं कोणी म्हणेल. म्हणो. पण पगार तर सगळ्याच सरदारांना होता, आणि सरदार घरी गेले होते.

आता बाकाबाईकडे येतो. ती साधी बाई नव्हती. कारस्थानी होती, पैशाला घट्ट होती, तिला सत्ता हवी होती. दुसरे रघुजी २२ मार्च १८१६ ला वारले. गादीवर आला मुलगा परसोजी, आजारी, दुबळा. त्याच्या नावाने कारभार कोणी करायचा यावरून वाड्यात दोन तट पडले. एकीकडे बाकाबाई आणि तिची माणसं, दुसरीकडे परसोजीचा चुलतभाऊ मुधोजी, म्हणजेच आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी कारभार हातात घेतला आणि आपलं आसन पक्कं करायला २७ मे १८१६ ला इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, रात्रीच्या अंधारात, गुपचूप. वर्षाला साडेसात लाख रुपये देऊन कंपनीची फौज राज्यात बसवून घेतली. दुसऱ्या रघुजींनी आयुष्यभर ज्या तहाला टाळाटाळ केली तो तह, त्यांना जाऊन पुरते अडीच महिने व्हायच्या आत. पुढच्या १ फेब्रुवारीला परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. गळा दाबला गेला होता, हे मागाहून बाहेर आलं. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला होते, हा त्यांचा पुरावा.

हे सगळं कागदावर आहे, कोणालाही वाचता येतं. तरी नागपुरात आप्पासाहेब हे शूर, दुर्दैवी, इंग्रजांना शेवटी उलटलेले राजे. तेही खोटं नाही. ते १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांसोबत राहून लढले, असीरगड, पंजाब करत अखेर १८४० मध्ये जोधपूरला वारले. पळून जाऊन लढलेला राजा गोष्टीत चांगला दिसतो. मागे राहून वाडा सांभाळणारी बाई गोष्टीत बसत नाही.

आप्पासाहेब गेल्यावर बाकाबाईने इंग्रजांशी जुळवून घेतलं, हे खरं. आपल्या नातवाला, तिसऱ्या रघुजीला, गादीवर बसवून घेतलं, खरा कारभार जेंकिन्सने केला. हा रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला मुलाविना वारला आणि डलहौसीने राज्य गिळलं. तेव्हा दत्तकाची मंजुरी मागत, विनंत्या करत बसली होती ती हीच बाकाबाई. राजवाड्यातलं सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, अशी धमकीही तिने दिली होती, असं जॉन के या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलंय. सामान हललं. जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात विकायला गेलं. हत्ती, घोडे, बैल मातीमोल भावात लिलावात गेले. आग तिने लावली नाही.

आणि मग १८५७. नागपुरातल्या घोडेस्वारांचा १३ जूनचा कट फसला. बाकाबाईने आपल्या नातलगांना आणि आश्रितांना दम भरला, बंडात पडाल तर याद राखा. इंग्रजांना तेवढंच हवं होतं. पुढे दत्तक जानोजीला 'राजाबहादूर ऑफ देऊर' किताब आणि पेन्शन मिळालं. मला विचाराल तर मारबतीला काही आधार असलाच तर तो इथे आहे. पण १८५७ ला राज्य उरलंच कुठे होतं बुडवायला?

महालातल्या एका जुन्या वाड्याच्या ओट्यावर हे मी बोलून दाखवलं तेव्हा वाद पेटला. एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना बखरी तोंडपाठ. ते म्हणाले, "बाकाबाईले सोडा, तुमच्या पेशव्यांचं बोला. १७६५ मध्ये पेशवा आणि निजाम मिळून आले आणि नागपूर जाळलं. निजाम! त्या निजामासोबत!" मी म्हटलं, त्या वेळचे जानोजी भोसलेही त्याआधी निजामासोबत होते. "होते ना. मंग? आम्ही का नाही म्हणतो?" दुसरे एक तरुण, वकील, वेगळ्या विदर्भाच्या चळवळीतले. त्यांचं म्हणणं की इथली खरी पराभवाची तारीख १८१७ नाही, १९५६ आहे. मध्य प्रदेशाची राजधानी गेली, फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भ राज्याची शिफारस केलेली असताना. १९५३ च्या नागपूर कराराने हाती लागलं ते हिवाळी अधिवेशन. "ते बी आता सावजी खायला येतात." ओट्यावर हशा झाला. शिक्षक मात्र हसले नाहीत. त्यांच्या मते नागपूरचं दुखणं जुनं आहे, आणि घरातलं आहे. १७७५ मध्ये इथून जवळ पाचगावला मुधोजी आणि साबाजी या सख्ख्या भावांची लढाई झाली. साबाजी जिंकत आले होते. मुधोजींनी त्यांना गोळी घातली. "आमची यादवी," ते म्हणाले, "अमेरिकेच्या आधी झाली, आणि आम्ही तिचा एक दगडही उभारला नाही."

शिक्षकांचं हे मला पटलं आणि नाहीही. पाचगावचा दगड उभारला असता तर त्यावर कोणाचं नाव कोरलं असतं? जिंकला त्याचं. रिचमंडचं निराळेपण एवढंच की तिथे हरलेल्यांनी कोरलं.

ओट्यावर विषय तलवारीवर आला, येणारच होता. पहिल्या रघुजींची तलवार लंडनच्या सदबीजच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ती १८ ऑगस्टला मुंबईत आली होती, मी नागपुरात पोचण्याच्या काही दिवस आधी. युरोपी पातं, पात्यावर सोन्याने देवनागरीत सेनासाहेब सुभा रघुजींचं नाव. अशा तलवारीला फिरंग म्हणतात. सीताबर्डीनंतर लुटीत गेली असावी, असा अंदाज. ओट्यावरच्या सगळ्यांचा एकच प्रश्न: नागपूरला कधी? "मुंबईले काय तिचं?" वकील म्हणाले, आणि या एका मुद्द्यावर मी, पुणेकर, पूर्ण त्यांच्या बाजूचा. ती तलवार महालात यायला हवी.

पण ती जेव्हा येईल तेव्हा तिच्याशेजारी पाटी लागेल, आणि त्या पाटीवर काय लिहायचं हा वाद मी ओट्यावर सुरू करून दिला. रघुजींच्या स्वाऱ्या १७४२ पासून बंगालवर सुरू झाल्या. दहा वर्षं चालल्या. कलकत्त्यात इंग्रजांनी भीतीने खंदक खणला, त्याचं नावच मराठा डिच. भास्करराम कोल्हटकरांना १७४४ मध्ये अलीवर्दीने तंबूत बोलावून दग्याने मारलं, ते आपण शाळेत शिकतो. त्या स्वाऱ्यांत खेड्यांची काय गत झाली ते शिकत नाही. बंगाली कवी गंगाराम याने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं, त्यात ते आहे: जळलेली घरं, पळणारी माणसं, बायकांवरचे अत्याचार. १७५१ च्या तहाने ओडिशा आणि बारा लाखांची चौथाई नागपूरच्या पदरात पडली. बंगाली आया आजही अंगाईत बर्गीची भीती घालून मुलांना झोपवतात. बर्गी म्हणजे बारगीर. म्हणजे आपण.

"आता ते बी लिवा पाटीवर?" शिक्षकांनी विचारलं.

"लिहा."

"मंग तलवार कायले आणली?"

त्यांचा हा प्रश्न भाबडा नव्हता. दक्षिणेतल्या ज्या माणसांनी पुतळ्यांसाठी भांडण केलं त्यांचाही हाच प्रश्न होता: आमच्या आजोबांचा गौरव करायचा नसेल तर पुतळा ठेवायचा कशाला? माझं उत्तर मी ओट्यावर दिलं ते इथेही देतो. रघुजी आणि ली एकाच पारड्यात मी घालत नाही. लीचं सैन्य माणसाला माणसाची मालमत्ता करून ठेवण्यासाठी लढलं. रघुजींची फौज त्या काळच्या प्रत्येक राजाप्रमाणे चौथाई आणि मुलखासाठी लढली. पण बंगालातल्या बर्दवानच्या शेतकऱ्याला हा फरक सांगून उपयोग नाही. तलवार वस्तुसंग्रहालयात ठेवायची म्हणजे तिने केलेलं सगळं ठेवायचं. कौतुकापुरती हवी असेल तर ती घरच्या देव्हाऱ्यात ठेवावी, सरकारी पैशाने आणू नये.

निघताना जुन्या राजवाड्याचा नगारखाना पाहिला. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा तो वाडा १८६४ मध्ये आगीत गेला. उरलं ते हे प्रवेशद्वार. मारबत बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही. पुतळे पाडणारे आणि पुतळे राखणारे दोघेही एकदाच काय ते भांडतात. नागपूरकर दरवर्षी नवं बनवतात, मिरवतात, जाळतात आणि बडग्यांवर राज्यकर्त्यांना शिव्या घालतात. यात शहाणपण आहे. फक्त बाकाबाईचं नाव मारबतीवरून काढायला हवं, किंवा शेजारी आप्पासाहेबांचा बडगा तरी उभा करायला हवा.

तुम्ही तान्ह्या पोळ्याला नागपूरला जाच. मारबत पाहा, मग महालात येऊन जुम्मा दरवाज्याखाली उभे राहा. आणि कोणी तुम्हाला बाकाबाईने राज्य विकलं असं सांगितलं, तर भांडू नका. २७ मे १८१६ च्या तहामागे कोण होतं, एवढंच त्याला विचारा.